चौदा झडपा

अकरा वाजता मी आईबाबांच्या घरात पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. बाहेर एकोणचाळीस अंश होतं, ते एक वेळ ठीक, उन्हाळा आहे. पण आत छत्तीस! आणि हे घर मी बांधलंय. मी आर्किटेक्ट आहे. एसीशिवाय थंड राहणारी घरं बांधते आणि त्याबद्दल चारचौघांत जरा जास्तच बोलते. भर उन्हाळ्यात आत एकोणतीस अंश, हा या घराचा आकडा मी गेली चार वर्षं सगळीकडे मिरवलाय. दुपारी तीन वाजता एका वृद्धाश्रमाची समिती तोच आकडा प्रत्यक्ष बघायला येणार होती. पटलं तर चाळीस खोल्यांचं काम माझं, नाही तर मी तोंडघशी.

बाबा बनियनवर, डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसले होते.

"या, या. तुमच्या थंडगार घरात स्वागत आहे."

"बाबा, प्लीज."

"शेजारून कूलर आणू का? पडद्यामागे लपवू. मी खोकत राहीन, आवाज कळायचा नाही."

मला एका जागी बसवेना. पश्चिमेला खिडकी नाही, ठेवलीच नव्हती. ती भिंत दुहेरी, मध्ये पोकळी. गच्ची पांढरी. दक्षिणेच्या खिडक्यांवर छज्जा इतका रुंद, की या दिवसांत ऊन काचेला शिवत नाही. जिन्यावर उंच मनोरा, गरम हवा वर निघून जायला. भिंतींत आणि मनोऱ्यात हवा आतबाहेर जायला उघडझाप करता येणाऱ्या झडपा. सगळं जागच्या जागी होतं. भिंतीला आतून हात लावला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागली. मी जिना चढले, उतरले, पुन्हा चढले.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" बाबा खालून ओरडले.

"रात्री झडपा उघडता ना?" मी वरूनच विचारलं.

"रात्री? रात्री घर उघडं टाकून कोण झोपतं! मी सगळ्याला कड्या घालतो. सकाळी नऊला उघडतो, जरा हवा खेळू दे म्हणून."

मी कपाळावर हात मारला. या घराचा नियम एकच आहे. रात्री सगळं सताड उघडायचं, म्हणजे भिंतींतली उष्णता बाहेर जाते. ऊन चढायच्या आत सगळं बंद करायचं, म्हणजे गारवा आत राहतो. बाबांनी बरोब्बर उलटं केलं होतं आणि भिंतींनी रोजचं ऊन इमानेइतबारे साठवून ठेवलं होतं.

"मग चार वर्षं हे करत कोण होतं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं. आई आठ दिवसांपूर्वी मावशीकडे गेली होती. या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच.

मी फोन लावला.

"अगं बाई, यांना सांगायचं राहूनच गेलं बघ. झडपा मी कधी उघडते, कधी लावते, याकडे यांचं कधी लक्षच नव्हतं," आई म्हणाली. "पावणेपाचला उठायचं. आधी पूर्वेच्या चार लावायच्या, मग दक्षिणेच्या, मग वरच्या. मनोऱ्याच्या दोन सगळ्यात शेवटी, त्यांना स्टूल लागतं. ऊन उतरलं की पुन्हा सगळ्या उघडायच्या. एकूण चौदा."

"रोज?"

"मग? ऊन काय रविवारची सुट्टी घेतं? इथे मात्र साडेसातपर्यंत लोळते मी. मावशी हसते मला. पण फार बरं वाटतंय गं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी घड्याळाकडे बघितलं.

"आई, तीनला समिती येतेय. तोपर्यंत येशील?"

"येते की. साडेबाराची बस मिळेल."

फोन ठेवला आणि मला स्वतःची लाज वाटली. आठ दिवस तापलेल्या भिंती एका दुपारीत निवत नाहीत, आता झडपा लावूनही काही होणार नाही, हे मला माहीत होतं; म्हणून मी त्यांना हातही लावला नव्हता. तरी बोलावलं. घाबरले की मी अजूनही आईलाच हाक मारते. दहा मिनिटांनी 'राहू दे' सांगायला पुन्हा फोन केला, तर मावशी म्हणाली, "ती केव्हाच निघाली. जेवलीसुद्धा नाही."

समिती तीनला आली. दोन गृहस्थ आणि अध्यक्षबाई. बाई पूर्वी एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. त्यांनी तापमापकाकडे बघितलं, भिंतीवर तळहात ठेवला. मी चाळीस खोल्यांचे नकाशे टेबलावर पसरत होते, तेवढ्यात आई दारात आली. बस उशिरा आली होती. चेहरा लालबुंद, खांद्याला पिशवी. पाणीसुद्धा न पिता तिने एकेक झडप लावायला सुरुवात केली. खालच्या झाल्या, वरच्या झाल्या. मग ती स्टूल घेऊन जिन्यावर गेली. बाबा स्टूल धरायला मागोमाग धावले.

"घराला नावं ठेवू नका हो," वर चढता चढता ती समितीला म्हणाली. "माझ्या लेकीचं घर फार थंड असतं. चूक माझी आहे. रोज पहाटे पावणेपाचला उठून मी या लावते, पण आठ दिवस घरी नव्हते."

मला ते ऐकवेना.

"तुमच्या आईंचं वय काय?" अध्यक्षबाईंनी मला हळूच विचारलं.

"अडुसष्ट."

"आमच्याकडचा सगळ्यात तरुण माणूस पंचाहत्तरचा आहे. पहाटे पावणेपाचला तिथे स्टुलावर कोण चढणार?"

माझ्या फायलीत वर्षभराच्या उन्हाचे कोन होते, बाराही महिन्यांच्या वाऱ्याच्या दिशा होत्या. झडपा कोण लावणार, याचं पान नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी हा विचारच केला नाही. या घरासाठीही केला नव्हता."

बाईंनी वही मिटली. मी जिन्याशी गेले. "आई, उतर खाली."

"एवढी एक लावते," ती म्हणाली. "तू पाहुण्यांकडे बघ. ते गेले की बसते मी."