फुलाबाईचं तेरावं

आमच्या वाडीच्या लेखी फुलाबाई आठ वर्षांपूर्वी वारली होती. हे सगळ्यांना मान्य होतं. फक्त फुलाबाईला कुणी विचारलं नव्हतं.

ते मानमोडीच्या तापाचं साल. घरोघरी माणसं पडू लागली तसा आमच्या धनगरवाडीच्या पंचांनी चिंचेखाली बसून निर्णय घेतला की मेंढरं वाचली पाहिजेत. मेंढरांबरोबर माळावर माणसं लागणारच, म्हणून माणसंही निघाली. ज्यांना उठवत नव्हतं त्यांना देवाच्या हवाली केलं, म्हणजे तिथंच टाकलं. माझा चुलतभाऊ मायाप्पा, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली, तोही तापानं फणफणलेल्या बायकोला सोडून निघाला. पंधरा दिवसांनी परतलो तर खोपट रिकामं. कोल्ह्यांनी नेलं, असं धुळाप्पा तात्यांनी ठरवलं. तात्या म्हणजे आमचे थोरले पंच. त्यांनी ठरवायचं आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या. तिच्या जागी कणकेची बाहुली करून पुरली. तेराव्याला सगळ्या वाडीनं गव्हाची खीर ओरपली. मी दोनदा वाढून घेतली.

पुढं मायाप्पाला तीन स्थळं आली. त्यानं तिन्ही परतवली. बोलणं जवळजवळ बंद केलं. रोज दिवस कलला की पाण्यानं भरलेलं मडकं घेऊन त्या खोपटात जायचा, फुलाबाईच्या रिकाम्या अंथरुणाच्या उशाशी ठेवायचा आणि बघत बसायचा. नवरा असावा तर असा, म्हणून बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आपापल्या नवऱ्यांना टोचायला त्यांना हा चांगला दाखला मिळाला होता. मायाप्पाला नेमकं काय होतंय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी मराठी सहावी पास झालो. वाडीत तेवढी विद्या उतू जात असल्यानं मला सोलापुरात एका गिरणीत हजेरी कारकून व्हावं लागलं. पहिल्याच दिवशी बायकांच्या खात्यात मोठ्या रुबाबात नावं पुकारत होतो. "फुलाबाई कोम मायाप्पा," मी वाचलं. कोम म्हणजे अमक्याची बायको.

"हाय," आवाज आला.

मी मान वर केली आणि माझ्या हातातली लेखणी गळाली. "वैनी! आवं, तुमी तर..."

"मेले की. ठावं हाय मला," ती म्हणाली. "खीर दोनदा घेतलीस म्हनं, महिपती. गोड झाली हुती का?"

जेवणाच्या सुट्टीत तिनं सांगितलं. करडईचं तेल विकत गाडीतून हिंडणाऱ्या ईरम्मानं तिला उचलून सोलापुरात आणलं, महिनाभर पेज पाजली, पोटच्या पोरीसारखं ठेवून घेतलं. बरी होऊन ती वाडीला निघणार, तोच मंगळवारच्या बाजारात तेराव्याची बातमी कळली.

"मग आलासा का न्हाय?" असं मी विचारलं नाही, तीच म्हणाली, "कुनाच्या दारात जायचं हुतं? मला टाकून गेल्यावर माज्याच नावानं जेवलासा तुमी."

मी मायाप्पाला सांगितलं. तो पुढच्याच मंगळवारी मेंढरं विकायच्या निमित्तानं आला आणि भोंगा झाल्यावर गिरणीच्या दाराशी उभा राहिला. फुलाबाई समोरून गेली. त्याला तोंड उघडवेना. असे पाच मंगळवार गेले. सहाव्या मंगळवारी तो कसाबसा म्हणाला, "घरी येतीस?"

तिचे डोळे भरून आले. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली तो समोर होता आणि त्याचाच तिला संताप येत होता. "यीन," ती म्हणाली. "पन काय केलंसा ते आदी पंचांम्होरं बोला. मी माजं मरान डोक्यावर घिऊन नांदायची न्हाय."

रविवारी पंच बसले. ईरम्माच्या गाडीतून फुलाबाई आली आणि मोठाच पेच पडला. बायको सोडायची रीत आमच्यात आहे, विधवेचा पाट लावायची आहे. मेलेली बायको परत घ्यायची नाही. शिवाय तेरावं जेवलेल्या पंचांचं जेवण खोटं ठरत होतं. दोन घटका खल करून तात्यांनी तोड काढली. फुलाबाई मेलीच, ही बाई दुसरी. मायाप्पानं हिच्याशी पाट लावावा आणि वाडीला जेवण घालावं. जेवणाचं नाव निघताच सगळ्या माना हलल्या.

"पोरी, तू मेलीस एवढं कबूल कर," तात्या मायेनं म्हणाले.

"मेले न्हवते. टाकली हुती मला," फुलाबाई म्हणाली. "पान्याचं मडकं पार दाराशी. नरडं सुकलं म्हनून सरपटत तितवर गेले नि उंबऱ्यावर पडले. तितं ईरम्मानं बघितलं."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी मडकं दाराशी ठिवलं म्हनूनच वाचलीस की! मायाप्पानं जीव वाचिवला हिचा! हार आना रं!"

ईरम्मा कानडीत काहीतरी म्हणाली. ते कुणाला कळलं नाही, हे बरंच झालं.

मायाप्पाला आता नुसतं गप्प बसायचं होतं. हार गळ्यात, बायको घरात, पंच खूष. पण तो उठला.

"न्हाय तात्या. उशाशी ठिवायचं तर जवळ जावं लागत हुतं. मी भ्यालो. दारातनंच मडकं आत सरकिवलं. तिचा हात पोचनार न्हाय, ठावं हुतं मला. ती हाका मारत हुती. त्या ऐकत ऐकत पळालो."

"गप!" तात्या ओरडले. "आसलं बोलशील तर वाळीत टाकू!"

"टाका."

हाका मीही ऐकल्या होत्या. त्याच वाटेनं माझी मेंढरं गेली होती. मला लाज वाटली, पण मी उठलो नाही. इथं लिहितोय, एवढंच माझं शौर्य.

मग तात्यांनी पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. त्या साली त्यांची म्हातारी आईही खोपटातच राहिली होती. "मी तर आईजवळ मडकं बी ठिवलं न्हवतं," ते हळूच म्हणाले आणि चिंचेखालून उठून गेले. एकेक करत बाकीचेही पांगले. निकाल कुणी दिलाच नाही आणि जेवणाचंही कुणी काढलं नाही. वाडीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

चिंचेखाली आम्ही चौघंच उरलो. उन्हं चढली होती. फुलाबाईनं पदरानं गळा पुसला आणि पाणी मागितलं.

मायाप्पा धावतच मडकं भरून घेऊन आला आणि तिच्यापासून चार हातांवर येऊन थबकला. आठ वर्षं रिकाम्या उशाशी पाणी ठेवणाऱ्या त्या माणसाला पुढं पाऊल टाकवेना. मडक्यातलं पाणी हिंदकळून धुळीत सांडत होतं.

फुलाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं ओंजळ पुढं केली.

"जवळ या की," ती म्हणाली. "आता ताप न्हाय मला."