खुर्च्यांना जागा हवी

प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चमध्ये भाकर मोडण्याआधी पाळक विचारत, कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का, असेल तर आधी मिटवा. मग मंडळी माना खाली घालत, कुणीतरी खोकत असे, आणि भाकर मोडली जाई. त्या प्रश्नाला उत्तरही द्यायचं असतं, हे कुणाच्या गावीच नव्हतं.

त्या रविवारी चर्चच्या मुख्य पंचांची सून मधल्या बाकावर बसली होती. मांडीवर लेक, दात येत असल्यानं किरकिरी झालेली. मनात एकच विषय, चर्चमागची खोली. तिथे घंटावाली मावशी राहायची. तिचा नवरा चर्चचं छप्पर दुरुस्त करताना पडून गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीवर हात ठेवून सुनेच्या सासऱ्यांनी सगळ्यांदेखत शब्द दिला होता की मावशी मरेपर्यंत या खोलीतून हलणार नाही. आता त्याच सासऱ्यांनी आपल्या कारखान्यातून चर्चला नव्या खुर्च्या दिल्या होत्या आणि खुर्च्यांना जागा हवी होती. मावशीला महिनाअखेर निघायला सांगितलं होतं.

सुनेनं घरी विषय काढून पाहिला होता. सासरे म्हणाले, खुर्च्यांना वाळवी लागली तर तू झटकत बसणार का? नवऱ्यानं टेबलाखालून तिचा पाय दाबला. सासूबाईंनी पोरीचं झबलं उलटं घातलंय हे दाखवून दिलं, आणि विषय संपला.

पाळकांनी प्रश्न विचारला. माना खाली गेल्या. सून उठली. पोर तिचे केस ओढत होती.

"माझ्या मनात आहे," ती म्हणाली. "बाबा, तुमच्याविषयी. मावशीला शब्द तुम्ही दिलात, आम्ही सगळ्यांनी ऐकला. तो मोडून ही भाकर माझ्या घशाखाली उतरायची नाही."

पाळकांचा हात तसाच राहिला. कुणीतरी पुटपुटलं, बाळंतपणापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही. मग शेवटच्या बाकावरचा शिंपी मान न उचलता म्हणाला, "ऐकला होता खरा." तेवढंच. पण पाळकांनी भाकर ताटात ठेवली आणि वर फडकं टाकलं; त्या दिवशी ती मोडली गेली नाही.

त्यानंतर घरात तिच्याशी कुणी धड बोललं नाही. नवरा बोलायचा तो भिंतीकडे बघून. पोरीला ताप चढला, तेव्हा सासूबाईंनी औषधाची बाटली दारातूनच आत सरकवली. ओल्या घड्या बदलताना तिला वाटून गेलं, दुसरीचं घर राखायला निघाले आणि लेकीचं घर घालवून बसले.

खोली मात्र राहिली. शब्दाची गोष्ट चारचौघांत गेल्यावर मावशीला बाहेर काढणं पंचांना जड गेलं. त्यांनी तोड काढली. खोलीत राहायचं तर मावशीनं भर उपासनेत सांगायचं, मला जा असं कुणी म्हणालंच नव्हतं, सुनेनं ते मनानं रचलं.

पुढच्या प्रभुभोजनाला मावशी पुढे आली आणि पाठ केल्यासारखं तेवढं बोलली. मंडळी आमेन म्हणाली. सासऱ्यांनी मोठ्या मनानं माफ केलं. ताट बाकांवरून फिरत आलं, तेव्हा शेजारणीनं ते सुनेच्या समोरून उचलून पलीकडे दिलं. पलीकडे नवरा होता. त्यानं भाकर घेतली.

उपासना सुटल्यावर सून मागच्या वाटेनं निघाली. मावशी दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"छप्पर तुझ्यामुळं राहिलं, पोरी," चादर झटकता झटकता ती म्हणाली. "पण इथं थांबू नकोस. ते बघताहेत."

सुनेनं लेकीचं टोपडं कानांवर ओढलं आणि ती चालायला लागली.