तिवड्याची दोरी

मी तिवड्याची दोरी बोलतेय. आमच्या डोंगरात खळ्यावर पाच खेचरं एका ओळीत जुंपतात, त्यांच्या गळ्यांना गुंफून जाते ती मी. एक टोक मधल्या खांबाला, म्हणजे तिवड्याला, दुसरं सगळ्यात बाहेरच्या खेचराला. आतलं म्हातारं खेचर जागच्या जागी पाय आपटतं. बाहेरचं तरणं. त्याला सरळ पळायचं असतं आणि मी दर पावलाला त्याची मान आत ओढते. ते दुप्पट पळालं की माझ्यावरची ओढ चौपट होते. शाळेत ही मोजत असतील. मी अंगावर मोजलीय.

तूदाने मला वळलं. बकरीचे केस आणि लोकर, मांडीवर घासून घासून. मांडी सोलली तिची. नवरा बास्सू म्हणाला, बरी झालीय. त्याच संध्याकाळी त्याने मला पाण्यात भिजवलं आणि तिच्याच पाठीवर चालवून बघितलं.

मग ते रोजचंच. भाकरी करपली, मार. नाही करपली, तरी मार. खांबाकडचं टोक त्याच्या मुठीत, दुसरं तिच्या पाठीवर. फटका चुकला की दाराच्या दगडी चौकटीवर बसायचा. तिची कातडी फुटायची, माझे पेड. कातडी भरून येते. पेड कुठले भरून येतात?

यंदा जवाची मळणी लागली. आदल्या दिवशी तूदा म्हणाली होती, मी माहेरी चालले. तो म्हणाला, “मळणी संपू दे, मग तुझी मळणी काढतो.” बोलला की करायचा तो.

दुपारी वारा सुटला. उफणायची घाई. बास्सू खळ्याच्या कडेला उभा राहिला. बाहेरचं खेचर वळून त्याच्याकडे तोंड करून आलं की चाबूक ओढायचा. तूदाने माझं बाहेरच्या खेचराकडचं टोक बघितलं. एकच पेड उरला होता.

“तिथून सरका. दोरी तुटेल.”

“तुटली तर खेचर बाहेर फेकलं जाईल, तिकडे ओढ्यात,” तो शेजारच्या हम्मूकडे बघून हसला. “आता बायको मला खळं शिकवणार.”

लहानपणी गोफणीने कोल्हे हाकलणारी बाई ती. सुटलेला दगड कुठे जातो, तिला पक्कं ठाऊक. पण सांगून झालं होतं. ती दोनदा सांगत नाही.

चाबूक बसला. खेचर उधळलं. मी तुटले.

ते ओढ्याकडे गेलंच नाही. सुटलं तेव्हा तोंड होतं तिकडे, नाकासमोर सरळ गेलं. नाकासमोर बास्सू होता. आधी छाती लागली, मग खूर. कमरेचं हाड मोडलं तो आवाज मी मातीत पडल्या पडल्या ऐकला. वाळकं लाकूड फोडावं तसा.

सासू म्हणाली, दोरी अवदसा आहे, चुलीत घाल.

“ती का जाळू?” तूदा म्हणाली. “ती शेवटपर्यंत धरून होती. पेड तोडले तुमच्या लेकाने.”

तो आता दाराशी पडून असतो. हात लांबतो, कंबर उठत नाही. तूदाने मला गाठ मारली आणि त्याला दिसेल पण हाताला लागणार नाही अशा खुंटीला टांगलंय. सकाळी मला घेऊन ती लाकडाला जाते. माहेरी गेली नाही. घर तिचंच झालंय.

बायांनो, मला वळा, पण माझं टोक कुणाच्या मुठीत देताय ते बघून द्या. पुढच्या मळणीला खांबाला मला तूदाच बांधणार. गाठ पक्की आहे. तरी कुणी नाकासमोर उभं राहू नका.