बाईंच्या नावाचं सभागृह

"आणि इथे, दर्शनी भिंतीवर, बाईंचं नाव. पितळी अक्षरांत. बसमधून जाणाऱ्यालाही वाचता येईल एवढं मोठं."

कंत्राटदाराने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली होती, दुसऱ्यावर खोकल्याच्या औषधाची बाटली. सिस्टरनी चष्मा पुसून पुन्हा लावला. अक्षरं स्पष्ट दिसली तसं त्यांनी त्यांवरून हळूच बोट फिरवलं.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टर. त्या बाईंच्या सख्ख्या धाकट्या बहीणही आहेत, हे पुष्कळांना फार उशिरा कळायचं. दोघींनी लग्न केलं नाही, आयुष्य एकाच घरात काढलं. बाईंना जाऊन आता दोन महिने होत आले होते.

बाई चौथीचा वर्ग शिकवायच्या आणि शाळा सुटली की वस्तीचा कारभार बघायच्या. नळाला पाणी नाही, चला बाईंकडे. रस्त्यावरचा दिवा लागत नाही, चला बाईंकडे. नवराबायकोचं फाटलं, तरी बाईंकडेच. दोघी जेवायला बसल्या की दार हमखास वाजायचं.

"ताई, हे घर आहे की कचेरी?" सिस्टर करवादायच्या.

"कचेरी असती तर पाचला बंद झाली असती," असं म्हणून बाई हात धुवायला उठायच्या. ताट झाकून ठेवणं सिस्टरच्या वाट्याला यायचं. कधीकधी त्यांना वाटायचं, सगळ्या गावाला बहीण मिळाली, आपल्याला तेवढी उरलीसुरली आली.

"बांधायचं कुठे पण?" त्यांनी विचारलं.

"शाळेमागच्या मैदानावर. मोकळंच पडलंय. खर्च माझा, परवानगी नगरपालिकेची. रविवारच्या वस्तीच्या सभेत तुम्ही फक्त हो म्हणायचं."

"म्हणते की," सिस्टर म्हणाल्या.

कंत्राटदार बाईंचाच विद्यार्थी. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. शेवटच्या आजारात तो सख्ख्या मुलासारखा बाईंच्या उशाशी बसला होता.

शनिवारी सकाळी सिस्टर मुद्दाम जागा बघायला गेल्या. मैदानावर चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. त्या रेघांच्या आत मुलींचा खेळ रंगात आला होता. नकाशावरचा दरवाजा कुठे येतो ते बघत सिस्टर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, जरा बाजूला व्हा ना, बॉल लागेल," दोन वेण्या घातलेली एक मुलगी म्हणाली.

"अगं, इथे मोठी इमारत होणार आहे. बाईंच्या नावाची."

"कोण बाई?"

"पूर्वी चौथीला शिकवायच्या त्या."

"आम्हाला सर आहेत." मुलीने चेंडू काखेत धरून रेघांकडे पाहिलं. "मग आम्ही कुठे खेळायचं?"

"बघू," असं काहीतरी पुटपुटून सिस्टर बाजूला झाल्या.

घरी आल्यावर त्यांना राग आला तो त्या 'कोण बाई'चा. हाडाची काडं करून शेवटी हे. पितळी अक्षरं हवीतच, आणखी मोठी हवीत, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं. पण भाजी चिरता चिरता त्यांना तो उन्हाळा आठवू लागला. नगरपालिकेने मैदान ट्रक उभे करायला द्यायचं ठरवलं होतं. बाईंनी फळा उचलून बाहेर नेला आणि वर्ग तिथेच भरवला. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. बाई पाढे आणखी मोठ्याने म्हणून घ्यायच्या. संध्याकाळी उन्हाने रापलेल्या ताईच्या पायांवर सिस्टर ओल्या कपड्याच्या घड्या ठेवायच्या आणि तोंडाने करवादत राहायच्या. ट्रक शेवटी गावाबाहेर गेले. त्या वर्गात हा कंत्राटदारही होता, फळ्यासमोर पहिल्या रांगेत.

रविवारी शाळेचा मोठा वर्ग माणसांनी भरला. कंत्राटदाराने भाषण छान केलं. मग सगळ्यांच्या नजरा सिस्टरकडे वळल्या. त्या उठल्या. वॉर्डात औषधं सांगावीत तशा सरळ आवाजात म्हणाल्या, "हे सभागृह नको."

"सिस्टर, तुम्ही तर हो म्हणाला होतात," कंत्राटदार गोंधळून म्हणाला.

"म्हणाले होते. नाव बघून भुलले. अजूनही ती अक्षरं मला हवी आहेत, खोटं कशाला बोलू? पण ती जागा मोकळी राहावी म्हणून ताई उन्हाळाभर उन्हात उभी होती. आता तिचंच नाव घेऊन तीच जागा भरायची, हे मला जमणार नाही."

निवृत्त मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, पण पुढच्या मुलांना बाई कळणार कशा?"

"नाही कळणार," सिस्टर म्हणाल्या. "काल एका मुलीने मला विचारलंच, कोण बाई म्हणून. लागलं मला. पण ती मुलगी तिथे खेळत होती. ताईला तेवढं पुरलं असतं. मला पुरत नाही, ते माझं मी बघेन."

मग मागच्या बाकावरून शाळेची शिपाईण म्हणाली, "सिस्टरचं बरोबर आहे." एकेक करत हात वर झाले. कंत्राटदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी आपलाही हात वर केला.

माणसं पांगली. तो नकाशा गुंडाळत राहिला. एक बाजू गुंडाळली की दुसरी सुटायची. सिस्टरनी त्याच्या हातातून तो घेतला.

"रागावलास?"

"नाही. मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं, सिस्टर. आज बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

सिस्टरनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आधी म्हणाली असती, शर्टाचं वरचं बटण लाव."

तो हसला. मग त्याचं हसू मोडलं आणि तो मान खाली घालून बटण लावू लागला. काज सापडत नव्हतं. सिस्टर नकाशा हातात धरून शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी घाई केली नाही.