वरवंट्याची माफी

त्याचं खरं नाव फक्त तुरुंगाच्या कागदावर होतं. बाकी जगासाठी तो वरवंटा. वीस वर्षं तो एका टोळीसाठी लोकांची हाडं मोडत आला होता, आणि शेवटी पकडला गेला तेव्हा त्याला बसवायला पोलिसांना गाडीची मागची सीट काढावी लागली होती.

तुरुंगात तो रविवारच्या प्रार्थनेला जाऊ लागला, तो भक्तीने नव्हे. त्याच वेळी बराकीत फरशी घासायचं काम असायचं आणि प्रार्थनेला जाणाऱ्यांना त्यातून सुटका होती. प्रार्थना घ्यायला एक म्हातारे ख्रिस्ती पाळक येत. आधी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर बोलायला लागले की वरवंटा भिंतीला टेकून घोरायला लागायचा.

एका रविवारी मास्तर येशूला पकडायला आलेल्या जमावाबद्दल सांगत होते. एका शिष्याने तलवार उपसली आणि समोरच्याचा कान उडवला, असं ते म्हणाले मात्र, वरवंटा खाडकन जागा झाला.

"कुठला कान, मास्तर?"

"उजवा."

"मी डावा उडवला होता," वरवंटा म्हणाला. त्याच्या बाकावरची दोन माणसं उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. "बरं, मग येशूने त्या शिष्याला शाबासकी दिली असेल?"

"नाही. तलवार ठेव म्हणाला, आणि त्या माणसाचा कान बरा केला."

"पकडायला आलेल्याचा? आणि तो शिष्य?"

"तो थोड्या वेळाने म्हणाला, मी या येशूला ओळखतसुद्धा नाही. तीनदा म्हणाला."

"हरामखोर! मग त्याचा निकाल कोणी लावला?"

"कोणी नाही. येशूने त्याला पुन्हा जवळ बोलावलं, खायला घातलं आणि आपली माणसं त्याच्याच हवाली केली."

वरवंट्याला दुपारी जेवण गेलं नाही. असली टोळी कशी चालणार, हेच त्याला कळेना. पुढच्या रविवारी त्याने मास्तरांकडून बायबल मागून घेतलं आणि अक्षराखाली बोट धरून वाचायला बसला. दर रविवारी तो तक्रारी घेऊन यायचा. "मास्तर, हे दुसरा गाल पुढे करायचं छापताना चुकलंय." मास्तर म्हणायचे, "चुकलेलं नाही, बाबा." आणि तो आठवडाभर धुसफुसत राहायचा.

पाच महिने असे गेले. मग एकदा धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालताना त्याला आपली डाव्या हाताची वाकडी बोटं दिसली. एक काम फसलं म्हणून त्याच्या टोळीच्या म्होरक्यानेच ती मोडली होती. तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. चुकला की मोड, हेच त्याला माहीत होतं. आणि इथे एक जण चुकलेल्याला खायला बोलावत होता. वरवंटा चादरीत तोंड खुपसून हमसून हमसून रडला.

"काय झालं रे?" हवालदाराने विचारलं.

"डोळ्यात साबण गेला, साहेब."

"वाळलेल्या चादरीत साबण कुठून आला?"

वरवंटा तडक इस्त्रीच्या खोलीकडे निघाला. तिथे दीडकान्या काम करायचा, शत्रूच्या टोळीतला. त्याच्या नावात कमी पडलेला अर्धा कान वरवंट्यानेच उडवला होता. त्याला येताना बघून दीडकान्या गरम इस्त्री घेऊन टेबलावर चढला.

"जवळ येऊ नकोस! भाजून काढीन!"

"अरे, माफी मागायला आलोय."

"हवालदार! हा माफी मागतोय, वाचवा!"

चार हवालदार धावले. तुरुंगातल्या कोणालाच ती माफी खरी वाटली नाही. वहीत नोंद झाली : 'माफीच्या बहाण्याने धमकी.' वरवंट्याला आठ दिवस एकट्याच्या कोठडीत टाकलं.

तो बाहेर आला त्या दिवशी दीडकान्या स्वतःच त्याला अंगणात गाठायला आला. पण चार हात लांब उभा राहिला.

"तू शिक्षा भोगलीस आणि हूं की चूं केलं नाहीस. एकाचाही जबडा मोडला नाहीस. का?"

"आयुष्यभर धमक्या दिल्या, तेव्हा कोणी लिहून घेतल्या नाहीत," वरवंटा म्हणाला. "म्हटलं, त्यातलीच एक आता लिहिली गेली."

दीडकान्याला हसू फुटलं, ते त्याने दाबलं. "हे बघ, मी काही तुला माफ केलेलं नाही."

"नको करूस. मला तेवढं सांगायचं होतं. चूक माझी होती."

"बरं. या बाजूने बोल, तिकडून मला नीट ऐकू येत नाही."

वरवंट्याची मान खाली गेली. तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला.

महिन्याभराने त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या मापाचा हौद एकच होता, घोंगड्या भिजवायचा. मास्तरांनी त्याला पाण्यात बुडवलं तेव्हा अर्धं पाणी बाहेर आलं आणि मास्तरांचे बूट तरंगत दारापर्यंत गेले. वरवंटा नाकातोंडातून पाणी काढत, लहान पोरासारखा हसत वर आला.

पाणी पुसायचं काम दीडकान्यावर आलं. फडकं पिळून काढत तो बडबडत होता, "देवाला तरी कळायला हवं होतं, एवढा मोठा माणूस घेताना." वरवंटा ओल्या कपड्यांनीच खाली बसला, दुसरं फडकं उचललं आणि त्याच्या शेजारी पुसायला लागला.