वहीत नसलेले गुरुवार

आमच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारांची खोली आठवड्यातून एकदाच उघडते, गुरुवारी. एरवी तिथे मोडक्या खुर्च्या कोंबलेल्या असतात. गुरुवारी खुर्च्या बाहेर आणि माणसं आत. अकरा वर्षं त्या खोलीतली नर्स मी, आणि माझा थोरला भाऊ तिथला पेशंट.

दादा शिवणकाम करतो. गोळ्या चालू असल्या की त्याच्या हातची टीप बघत राहावी. बंद पडल्या की खोलीत नसलेली माणसं त्याच्याशी बोलायला लागतात. मग तो मशीन थांबवून मला विचारतो, "छोटे, हे खरं की माझ्या डोक्यातलं?" मी सांगेन ते तो मानतो. आईचंही मानत नाही, माझं मानतो.

या वर्षी दोन महिने गोळ्याच आल्या नाहीत. दर गुरुवारी चाळीसेक माणसं यायची, बाकावर ताटकळायची आणि मी त्यांच्या तोंडाला पानं पुसायची, "पुढच्या गुरुवारी बघू." त्यांत दादाही असायचा, इस्त्रीचा शर्ट घालून. पेशंटच्या नोंदवहीत मात्र मी कुणालाच घेतलं नाही. मोठ्या डॉक्टरांचा दंडकच होता, औषध दिलं तोच पेशंट. रिकाम्या हाताने गेलेला लिहिला की वरून खुलासा मागतात आणि खुलासे लिहिणं डॉक्टरांच्या जिवावर यायचं. मीही कधी हूं की चूं केलं नाही. कोरं पान, वर तारीख, खाली माझी सही. वही नीटनेटकी ठेवते म्हणून शाबासकीसुद्धा मिळाली होती. मेली ती शाबासकी!

मग पुढच्या वर्षीच्या निधीसाठी आमच्याच गावातल्या कचेरीत सुनावणी लागली. मी रजा टाकून, पेशंटची बहीण म्हणून गेले. दादालाही नेलं. माणूस समोर दिसला की साहेबांना पाझर फुटेल, असं वाटलं. कसला पाझर! तीन मिनिटं मिळाली. मी सगळा पाढा वाचला. एक दिवस पुरत नाही, गोळ्या बाराही महिने हव्यात, समुपदेशकाची जागा सहा वर्षं रिकामी आहे.

सचिवसाहेबांनी मान डोलावत ऐकलं आणि आमचीच वही उघडली.

"बाई, या दोन महिन्यांत पेशंट शून्य. गरजच नाही, तर पैसे कशाला द्यायचे?"

"साहेब, गोळ्या नव्हत्या म्हणून लिहिले नाहीत. माणसं येत होती."

"कोण म्हणतं?"

"मी. मीच तिथली नर्स आहे."

"म्हणजे ही सही तुमची. मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आत्ता खोटं बोलताय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांनी गोळ्या पाठवायच्या नाहीत, म्हणून आम्ही माणसं लिहायची नाहीत, आणि माणसं लिहिली नाहीत म्हणून ह्यांनी पुन्हा गोळ्या पाठवायच्या नाहीत. ह्या रहाटगाडग्याला तेल मीच घालत होते, सुवाच्य अक्षरात. खोली पुढच्या महिन्यापासून बंद, असं तिथल्या तिथे ठरलं. पेशंटनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जावं म्हणे. सहा तासांचा प्रवास. दादा बसमध्ये पाच मिनिटं टिकत नाही.

जिन्यात तो थांबला.

"छोटे, साहेब म्हणाले गुरुवारी कुणीच आलं नव्हतं."

"हं."

"मला वाटलं मी आलो होतो. बाकावर बसलो होतो. तू पाणी दिलंस." तो पायऱ्यांकडे बघत राहिला. "ते माझ्या डोक्यातलं होतं का गं?"

"नाही रे दादा. तू आला होतास. दर गुरुवारी आला होतास."

"मग वहीत?"

"मी लिहिलं नाही."

दादाने माझ्याकडे बघितलं. मग कठड्याला धरून एकटाच खाली उतरला.

आता गोळ्या बंद आहेत. मशीन मध्येच थांबतं. मी दारात जाऊन उभी राहते, पण तो मला काही विचारत नाही. खोलीत नसलेल्या त्या माणसांचं तो कान देऊन ऐकतो आणि त्यांनाच उत्तर देतो.