आधी चाखा, मग माझं झाकण उघडा

मित्रांनो, माणसांविषयी माझं मत काही चांगलं नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. मी मिठाची बरणी. चिनी मातीची, खाली पांढरी, वर तपकिरी, झाकणाचा एक टवका उडालेला. वय विचारू नका. न चाखता मीठ घालणाऱ्या माणसाच्या हाताखाली मी उभा जन्म काढला आहे, तेव्हा बोलणं थोडं खारट वाटलं तर गोड मानून घ्या.

भट्टीत भाजून निघाले, पेंढ्यात गुंडाळून पुण्याला आले आणि तुळशीबागेतल्या एका दुकानाच्या फळीवर बसले. कुमुदिनीबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्यांनी मला उचललं, टिचकी मारून नाद ऐकला आणि म्हणाल्या, "हिला कुठे तडा नाही. हीच द्या." नवरा निवडताना मात्र त्यांना कोणी टिचकी मारू दिली नव्हती. त्यामुळे घरात दिलीपराव होते.

दिलीपराव विमा कंपनीत मोठे साहेब. 'तब्येतीला जपा, घरच्यांचा विचार करा' असं जगाला सांगण्यात त्यांची हयात गेली. आता आपल्याकडे पानात डाव्या हाताला, अगदी वरच्या टोकाला, आधी मीठ वाढतात. लागलं तर असावं म्हणून चिमूटभर. हे साहेब ते मीठ वरणभातावरच संपवायचे आणि आमटी आली की मला पुढ्यात ओढायचे. आमटी अळणी आहे की खारट, याची साधी चौकशी नाही. हात आपला बरणीत! आणि म्हणे सुशिक्षित.

ती मंडळी २०२० च्या फेब्रुवारीत मुलाकडे, निहारकडे, नेदरलँड्सला निघाली. निहारच्या घरात मीठ पुठ्ठ्याच्या डब्यात असतं, हे कुमुदिनीबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं. त्यांनी मला जुन्या साडीत गुंडाळून बॅगेत घातलं. अशी मी निहारच्या गावी, उइटहॉर्नला, त्याच्या ओट्यावर येऊन बसले. तीन महिने राहायचं आणि परतायचं, असा बेत होता. पण मार्चमध्ये सगळं बंद झालं, विमानं थांबली आणि आम्ही अडकलो.

निहारची बायको मंजूषा मोठ्या कंपनीत कामाला. तिच्याकडे गुलाबी मीठ होतं, काचेच्या बाटलीत, लाकडी बुचाचं. "बाबा, हे हेल्दी असतं, बिनधास्त घ्या," म्हणायची. गुलाबी पातळ नेसलं म्हणून मिठाची साखर होते का हो? पण लॅपटॉप उघडणाऱ्यांना कोण शिकवणार!

मे महिन्यात दिलीपरावांना एकदम भोवंड आली. दाराची चौकट धरून ते खालीच बसले. इथल्या घरच्या डॉक्टरला हाउसआर्ट्स म्हणतात. तो त्या दिवसांत आधी फोनवरच बोलायचा. निहारने यंत्र लावून बीपीचे आकडे सांगितले, तसं त्याने लगेच बोलावून घेतलं. बीपीच्या जुन्या गोळ्या बदलल्या आणि बजावलं, की मीठ कमी केलं नाही तर एक दिवस मेंदूवर बेतेल.

घरी येऊन दिलीपराव काय म्हणाले, माहीत आहे? "दुपारी थंड ब्रेड आणि चीज खाणारी माणसं! त्यांना जेवणातलं काय कळतंय?" आणि असं म्हणत म्हणत चीजचे दोन तुकडे उचलून तोंडात टाकले. त्या ब्रेडमध्ये मीठ, त्या चीजमध्ये मीठ. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

कुमुदिनीबाईंनी भाजीतलं मीठ निम्म्यावर आणलं. मंजूषा मीटिंगमधून उठून यायची, भाजी चाखायची, 'आई विसरल्या वाटतं' असं मनाशी म्हणायची आणि गुलाबी मीठ भुरभुरायची. मग पानात डावीकडचं मीठ, शेवटी मी. असा पथ्याचा थाट! एकमेकींना विचारायची सोय नव्हती, कारण सासूने सुनेला आणि सुनेने सासूला दुखवायचं नाही, असं दोघींनी ठरवलं होतं.

एकदा दुपारी दिलीपरावांनी ताट पुढे ढकललं. "हे काय आजाऱ्याचं जेवण? मिळमिळीत! असं खायचं तर माणसाने जगायचं तरी कशासाठी?"

त्यांची नात नीरजा समोरच बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच. "आजोबा, यू डिडन्ट इव्हन टेस्ट इट," ती म्हणाली.

कुमुदिनीबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "जगायचं कशासाठी म्हणे! परवा समोरच्या म्हाताऱ्यांना नेलं, पाहिलंत ना खिडकीतून? मोजकी माणसं, तीही लांब लांब उभी. तुमचं इथे काही झालं, तर मी कोणाच्या गळ्यात पडून रडू? मला तुम्हाला घेऊन घरी जायचंय हो. तुमच्या अस्थी घेऊन नाही."

मलाही आतून गलबलून आलं. आणि दिलीपराव? मान खाली घातली आणि सवयीने हात माझ्याकडे आणला. जित्याची खोड, दुसरं काय!

ऑगस्टमध्ये गणपती आले. नैवेद्याचा स्वयंपाक. तो चाखायचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कुमुदिनीबाईंना वाटलं मंजूषाने मीठ घातलं, मंजूषाला वाटलं आईंनी घातलं. सकाळपासून माझं झाकण उघडलं नव्हतं आणि ती गुलाबी बयाही जागची हलली नव्हती. पण बरणीला विचारतो कोण? देवाच्या पानात मीठही वाढत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी मला टेबलावर जागा नव्हती. स्क्रीनवरच्या नातेवाइकांसोबत आरती झाली आणि नैवेद्याचं ताट रीतीप्रमाणे घरातल्या मोठ्या माणसापुढे, म्हणजे दिलीपरावांपुढे आलं.

पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. तोंड उघडलं. मग मखरातल्या बाप्पांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. प्रसादाला नावं ठेवायची नसतात, एवढं तरी त्यांना कळत होतं! इलाज नव्हता. त्यांनी भातावर लिंबू पिळलं, कोशिंबीर कालवली, पालकाच्या पातळ भाजीत बोट बुडवून चाटलं. पुन्हा चाटलं. सावकाश.

"यात आमसूल घातलंय का गं?"

"लग्न झाल्यापासून घालते," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मंजूषाने घास घेतला. "अय्या, आई, मीठ..."

"कळलंय मला," दिलीपराव म्हणाले. "वाढ आणखी थोडी."

दुसऱ्या दिवशीही पानाचा डावा कोपरा रिकामा. "आज कोणाचा नैवेद्य?" त्यांनी विचारलं. "माझा नवस आहे," बाई म्हणाल्या. "घरी पोचेपर्यंत रोज." तेव्हापासून भाजीत मीठ एकाच हाताने पडू लागलं, तेही चिमटीने. बाकी लिंबू, भाजलेलं जिरं, लसूण, ओलं खोबरं, जवसाची पूड. दिलीपराव कुरकुरले, पण चाखून कुरकुरले. गोळ्यांनी आणि पथ्याने मिळून हिवाळ्यापर्यंत बीपी खाली आणलं आणि पुण्याला जाणाऱ्या बॅगा भरल्या गेल्या.

कुमुदिनीबाई मला साडीत गुंडाळत होत्या. दिलीपरावांनी मला त्यांच्या हातून घेतलं. "हिला इथेच राहू दे. ही समोर दिसली की माझा हात पुन्हा जाईल." इतक्या वर्षांत स्वतःविषयी इतकं खरं ते कधी बोलले नव्हते. त्यांनी मला उइटहॉर्नच्या कपाटात अगदी वरच्या फळीवर ठेवलं.

तिथेच आहे मी. अंगावर धूळ बसली आहे. मंजूषा गुलाबी मीठ वापरते, हल्ली जपून. पुण्याहून फोन आला की दिलीपरावांचा खणखणीत आवाज वरपर्यंत येतो, आज कशात काय घातलं होतं ते सांगत असतात. मला टाकून गेले ते बरंच केलं, पण आठवण येते मेल्याची.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिला आठवड्यातून एकदा पुसा, झाकण घट्ट लावा. आणि ते उघडायच्या आधी एक घास नीट खा. त्या घासात कोणीतरी लग्न झाल्यापासून आमसूल घालत असेल.